जुन्या गाडीची कुंडली शोधणारी माणसं

तुम्ही कधी जुनी गाडी विकत घेतली असेल, तर हा अनुभव तुमच्या ओळखीचा असेल. आरसी बुक बघायचं, इंजिन नंबर आणि चॅसी नंबर जुळतोय ना ते तपासायचं, आरटीओच्या कागदांसाठी चॅसी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासायची आणि आकडे नीट उमटले की हुश्श म्हणायचं. आपल्यापैकी बहुतेकांसाठी गाडीचा इतिहास इथे संपतो. आधीचा मालक कोण, गाडी पहिल्यांदा कुठल्या शोरूममधून बाहेर पडली, तिथल्या मेकॅनिकने तिच्यात काय बदल केले, याच्याशी आपल्याला काय करायचंय? गाडीने अॅव्हरेज द्यावं आणि पावसाळ्यात बंद पडू नये, एवढीच आपली अपेक्षा.

अमेरिकेत मात्र काही माणसं अशी आहेत की त्यांचं काम नंबर जुळल्यावर सुरू होतं. कधी कधी तर नंबर जुळत नाही म्हणूनच ती खूश होतात! ही माणसं १९६० च्या दशकातल्या मोजक्या ‘मसल कार’चा इतिहास शोधत असतात. त्यातही कंपनीने बनवलेल्या साध्या गाड्यांचा नाही, तर डीलरने आपल्या गॅरेजमध्ये इंजिन बदलून, दुरुस्त्या करून, स्वतःचं नाव लावून विकलेल्या गाड्यांचा. काही जणांसाठी हा छंद आहे, काहींसाठी धंदा आणि काहींसाठी घरच्यांच्या दृष्टीने चक्क वेड. पण या वेडामागे लाखो डॉलर्सचा व्यवहार असतो आणि फसवणुकीची शक्यताही तेवढीच मोठी असते.

आधी मसल कार म्हणजे काय ते समजून घेऊ. दोन दरवाजांची, मध्यम किंवा लहान आकाराची, तरुणांच्या खिशाला परवडेल अशी गाडी घ्यायची आणि तिच्या बॉनेटखाली मोठ्या गाडीचं अवाढव्य इंजिन बसवायचं, ही त्यामागची सरळसाधी कल्पना. आपल्याकडच्या साध्या कौटुंबिक गाडीचं इंजिन साधारण १.२ लिटरचं असतं. या गाड्यांमध्ये साडेसहा-सात लिटरची इंजिनं असायची. पेट्रोल स्वस्त होतं, रस्ते रुंद होते आणि महायुद्धानंतर जन्मलेली पिढी नुकतीच गाडी चालवण्याच्या वयात आली होती. एक चतुर्थांश मैल म्हणजे सुमारे ४०० मीटर अंतर सरळ रेषेत कोण आधी कापतं, यावर गावोगावी शर्यती लागायच्या. रविवारी जी गाडी जिंकायची, तिला सोमवारी शोरूममध्ये गिऱ्हाईक मिळायचं.

आपल्याकडे या गाड्या जवळपास आल्याच नाहीत. शेव्हर्ले, डॉज ही नावं मात्र आपल्याला परकी नव्हती. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला कारखाना काढला होता आणि तिथे शेव्हर्लेच्या गाड्या जोडल्या जात. स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ तयार होऊ लागल्या. घरातल्या आजोबांना विचारलंत तर एखाद्या शेठजींच्या लांबलचक शेव्हर्लेची आठवण ते नक्की सांगतील. पण ती ऐटीत, संथपणे चालणारी शेठजींची गाडी. तिच्या अमेरिकेतल्या तरुण भावंडांचा स्वभाव अगदी निराळा होता.

नियम कंपनीचा, पळवाट डीलरची

या गाड्या डीलरने का बदलल्या, कंपनीने का नाही? याचं उत्तर एका नियमात आहे. जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी ठरवलं होतं की कॉर्व्हेट सोडून मध्यम आणि लहान आकाराच्या गाड्यांमध्ये ४०० घन इंचांपेक्षा, म्हणजे साधारण साडेसहा लिटरपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. शर्यतींमध्ये अधिकृतपणे भाग घ्यायलाही कंपनीने १९६३ मध्ये बंदी घातली होती. पण शेव्हर्लेकडे ४२७ घन इंचांचं म्हणजे सात लिटरचं इंजिन तयार होतं आणि १९६७ चं मॉडेल म्हणून आलेल्या कॅमारो गाडीत ते आरामात मावत होतं. कंपनीला ते बसवता येत नव्हतं, पण गाडी एकदा डीलरच्या दारात आली की ती डीलरची! मग तो तिच्यात काय बसवतो, यावर कंपनीचा काय ताबा राहणार?

पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्ग या छोट्या गावात डॉन येन्को नावाचा तरुण घरची शेव्हर्लेची डीलरशिप सांभाळत होता. तो स्वतः शर्यतीत उतरणारा गडी. १९६६ मध्ये त्याने शेव्हर्लेच्या कॉर्व्हेअर या गाडीची ‘स्टिंगर’ नावाची शर्यतीची आवृत्ती काढली. शर्यतीच्या संघटनेची अट होती की किमान १०० गाड्या बनल्या पाहिजेत आणि येन्कोने १०० गाड्या पांढऱ्या रंगात, निळ्या पट्ट्यांसह तयार करून दाखवल्या. स्पोर्ट्स कार म्हणून मान्यता मिळावी यासाठी मागची सीटच काढून टाकली होती. पुढच्याच वर्षी त्याने कॅमारोमधलं ३९६ घन इंचांचं इंजिन उतरवून ४२७ चं बसवायला सुरुवात केली. ‘येन्को सुपर कॅमारो’ या नावाने या गाड्या तो इतर राज्यांतल्या डीलरमार्फतही विकायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे शोध घेणाऱ्यांची दमछाक होते ती यामुळेच.

येन्को एकटा नव्हता. शिकागोत ‘निकी शेव्हर्ले’ होती. आपल्या नावातलं ‘के’ हे इंग्रजी अक्षर मुद्दाम उलटं छापणारी ही डीलरशिप कॅमारोत सात लिटरचं इंजिन बसवून देत असे. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बाल्डविन शेव्हर्ले आणि जोएल रोझेनची ‘मोशन’ ही कार्यशाळा मिळून गाड्या बनवायच्या. त्यांच्या सर्वांत ताकदवान गाड्यांसोबत चक्क लेखी हमी मिळायची की ठरलेल्या चालकाच्या हातात ही गाडी चतुर्थांश मैल साडेअकरा सेकंदांत कापेल, नाहीतर पैसे परत. शिकागोतच नॉर्म क्राउस होता, ज्याला सगळे ‘मिस्टर नॉर्म’ म्हणायचे. डॉज कंपनीच्या इंजिनीयरांचं म्हणणं होतं की छोट्या डार्ट गाडीत ३८३ घन इंचांचं इंजिन बसणारच नाही. नॉर्मच्या माणसांनी ते बसवलं, गाडी कंपनीला नेऊन दाखवली आणि मग कंपनीनेच तशी गाडी बाजारात आणली. आपल्याकडे घरच्या सुनेने केलेली आमटी सासूबाईंनी नंतर ‘आमच्याकडची पद्धत’ म्हणून सांगावी, तसंच काहीसं.

मला स्वतःला यातली सर्वांत गमतीशीर वाटते ती मिशिगनमधल्या रॉयल पाँटिअॅकची गोष्ट. त्यांची सुधारित गाडी ‘बॉबकॅट’ म्हणून ओळखली जाई. हे नाव गाडीवर लावायला वेगळी अक्षरं बनवायची गरज पडली नाही, कारण पाँटिअॅकच्या बॉनव्हिल आणि कॅटालिना या दोन मॉडेलच्या नावांची जी धातूची अक्षरं मिळायची, त्यांतलीच निवडून ते नाव जुळवलं होतं. १९६४ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ या मासिकाने पाँटिअॅक जीटीओची चाचणी घेतली आणि तिच्या वेगाचे आकडे वाचून लोक थक्क झाले. गाडी रॉयलनेच तयार करून दिली होती. पुढे अनेक वर्षांनी पाँटिअॅकच्या जाहिरातींचं काम पाहणारे जिम वँगर्स यांनी कबूल केलं की त्या गाडीत नेहमीचं ३८९ चं इंजिन नव्हतं, बॉनेटखाली गुपचूप ४२१ चं इंजिन बसवलेलं होतं. बाहेरून दोन्ही इंजिनं सारखीच दिसतात. म्हणजे ज्या गाड्यांच्या खरेपणासाठी आज एवढी धडपड चालते, त्यांच्या प्रसिद्धीची सुरुवातच एका लबाडीने झाली होती!

टॅक्सीच्या अर्जावर मागवलेली शर्यतीची गाडी

येन्कोला लवकरच कळलं की एकेका गाडीचं इंजिन उतरवणं-चढवणं हा खर्चिक उद्योग आहे. उतरवलेल्या इंजिनांचं काय करायचं, हाही प्रश्नच. तेव्हा शेव्हर्लेमध्ये व्हिन्स पिगिन्स नावाचे अधिकारी होते आणि त्यांनी एक सरकारी वाटावी अशी युक्ती शोधून काढली. ‘सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर’ अशी एक व्यवस्था कंपनीत आधीपासून होती. तिला थोडक्यात ‘कोपो’ म्हणत. पोलिसांना मजबूत ब्रेक हवेत, टॅक्सी कंपनीला टिकाऊ सीट हवी, एखाद्या संस्थेला तिच्या ट्रकवर विशिष्ट रंग हवा, अशा घाऊक मागण्यांसाठी हा अर्ज असायचा. त्याच कंटाळवाण्या अर्जावर १९६९ मध्ये सात लिटरच्या इंजिनाची कॅमारो मागवता येऊ लागली. वरिष्ठांचा नियम कागदावर जागच्या जागी राहिला आणि गाड्या कारखान्यातूनच तयार होऊन बाहेर पडल्या.

कोपो क्रमांक ९५६१ म्हणजे ४२५ अश्वशक्तीचं बिडाचं इंजिन. क्रमांक ९५६० म्हणजे झेडएल-१ हे पूर्ण अॅल्युमिनियमचं इंजिन, जे मुळात शर्यतीसाठी बनवलेलं होतं. इलिनॉयमधल्या ला हार्प या चिमुकल्या गावातल्या फ्रेड गिब या डीलरने अशा ५० झेडएल-१ कॅमारो मागवल्या. गाड्या आल्या तेव्हा त्यांची किंमत बघून त्याला घाम फुटला असणार. नुसत्या इंजिनासाठीच ४,००० डॉलरहून जास्त आणि पूर्ण गाडी ७,००० डॉलरच्या पुढे. साधी कॅमारो तेव्हा २,७०० डॉलरच्या आसपास मिळायची. शेतकऱ्यांच्या त्या गावात अशी गाडी कोण घेणार? शेवटी बऱ्याचशा गाड्या कंपनीला परत घ्याव्या लागल्या आणि त्या देशभरातल्या इतर डीलरकडे पाठवल्या गेल्या. अशा झेडएल-१ कॅमारो एकूण बनल्या अवघ्या ६९. तेव्हा कुणाला नको झालेल्या या गाड्यांसाठी आज लिलावात लाखो डॉलर मोजले जातात.

आता गंमत पाहा. १९६७ ची येन्को कॅमारो खरोखर डीलरने बदललेली होती. १९६९ ची येन्को कॅमारो इंजिनासकट कारखान्यातून आली होती आणि डीलरकडे तिला मुख्यतः रंगीत पट्टे आणि येन्कोची चिन्हं लागली. मग पट्टे आणि चिन्हं तर आजही कुणीही लावू शकतो. इथूनच आपल्या मूळ गोष्टीला सुरुवात होते.

नंबर सांगतो थोडं, लपवतो जास्त

१९६९ च्या व्ही-८ इंजिनाच्या कॅमारोचा नंबर ‘१२४३७९’ अशा आकड्यांनी सुरू होतो. पहिला १ म्हणजे शेव्हर्ले. २४ म्हणजे कॅमारो, व्ही-८ इंजिन. ३७ म्हणजे दोन दरवाजांची बंद टपाची गाडी. ९ म्हणजे १९६९ चं मॉडेल. त्यापुढे ‘एन’ असेल तर ओहायोतला नॉरवुडचा कारखाना, ‘एल’ असेल तर लॉस एंजेलिसचा. मग सहा आकडी अनुक्रमांक. बस्स! व्ही-८ आहे एवढंच कळलं. ते पाच लिटरचं साधं इंजिन होतं की सात लिटरचं दुर्मीळ, हे नंबर सांगतच नाही. त्या वर्षी सुमारे २,४३,००० कॅमारो बनल्या. त्यांतल्या येन्कोच्या साधारण २००. गवताच्या गंजीत सुई शोधायची आणि त्यात दर दुसरी काडी सुईसारखी रंगवलेली!

पाँटिअॅकच्या बाबतीत काम सोपं आहे. त्या गाड्यांच्या कारखान्यातल्या नोंदी जपल्या गेल्या आहेत आणि पैसे भरले की गाडी नेमकी कशी बनली होती याचा उतारा मिळतो. फोर्डच्या १९६७ आणि त्यानंतरच्या गाड्यांच्या नोंदींवरूनही असा अहवाल मिळतो. शेव्हर्लेच्या अमेरिकेत विकलेल्या गाड्यांसाठी मात्र अशी सोय नाही. गंमत म्हणजे कॅनडात विकलेल्या शेव्हर्लेच्या नोंदी शाबूत आहेत. म्हणजे दोन सख्ख्या बहिणींपैकी परदेशी दिलेल्या बहिणीचा जन्माचा दाखला सुरक्षित आणि माहेरीच राहिलेलीचा गहाळ. काही वर्षांच्या गाड्यांबाबत गाडी कोणत्या डीलरकडे पाठवली होती, एवढी माहिती मिळवता येते. येन्कोच्या कोडवर गाडी गेली होती एवढं त्यातून कळतं. पण येन्को साध्या कॅमारोही विकत होताच की!

म्हणून शोध घेणारे कागद हुडकतात. कारखान्यात गाडी बनताना कामगारांना सूचना देणारा एक कागद तिच्यासोबत फिरायचा. काम संपलं की तो कुठेतरी कोंबला जायचा. तो सापडतो तो मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये, नाहीतर पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या बाजूला चिकटलेला. बऱ्याचदा उंदरांनी त्याचा निम्मा भाग खाल्लेला असतो. दुसरा मोलाचा पुरावा म्हणजे वॉरंटीच्या पुस्तिकेत बसवलेली छोटी धातूची पट्टी. तिच्यावर गाडीचा नंबर, इंजिन, गिअरबॉक्स आणि अॅक्सल यांचे कोड उठावदार अक्षरांत असायचे. वॉरंटीचं काम निघालं की डीलर ती पट्टी यंत्रात घालून बिलावर छाप उमटवायचा, जुन्या काळी क्रेडिट कार्डाची छाप घ्यायचे तशी. शोरूममध्ये काचेवर लावलेला किमतीचा कागद, डीलरचं बिल, शर्यतीच्या दिवशी मिळालेली वेळेची चिठ्ठी, गाडीसमोर उभं राहून काढलेला फोटो, सगळंच मोलाचं.

आणि हे सगळं कुठे असतं? कुणाच्या तरी घरात. माळ्यावर, बिस्किटाच्या डब्यात, लग्नाच्या अल्बमच्या मागे. पहिल्या मालकाचं निधन होतं, मुलं घर रिकामं करतात आणि ‘ही गाडी तर बाबांनी माझ्या जन्माआधीच विकली होती’ म्हणून पिवळे पडलेले कागद कचऱ्यात जातात. ज्या कागदाची किंमत गाडीच्या किमतीत मोठा फरक पाडू शकते, तो कागद टाकून द्यायला दोन मिनिटंही लागत नाहीत. म्हणून काही शोधकर्ते गाडीचा नाद सोडून आधी माणसं शोधतात. जुन्या टेलिफोन डिरेक्टरी चाळतात, शाळा-कॉलेजच्या वार्षिकांकांत पार्किंगमधले फोटो बघतात, बंद पडलेल्या डीलरशिपच्या सेल्समनला आणि मेकॅनिकला गाठतात. सरकारी दप्तरातून जुन्या मालकांची नावं मिळवणं पूर्वी सोपं होतं. १९९४ च्या खासगी माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानंतर ते बरंच अवघड झालं. कायदा योग्यच आहे. आपला पत्ता कुणाही अनोळखी माणसाच्या हाती लागावा असं आपल्याला तरी कुठे वाटतं?

लोखंड खोटं बोलतं तेव्हा

कागद नसले की उरतं लोखंड. इंजिनाच्या ठोकळ्यावर तो ओतला गेल्याची तारीख ओतीव अक्षरांत असते. ‘बी १४ ९’ असं असेल तर ‘बी’ म्हणजे दुसरा महिना, म्हणून १४ फेब्रुवारी १९६९. त्याच इंजिनाच्या जुळणीची तारीख दुसऱ्या जागी ठोकलेली असते. गाडीच्या सांगाड्याचा आठवडा बॉनेटखालच्या एका पत्र्यावर असतो. आता हिशेब करा. ठोकळा आधी ओतला पाहिजे, मग इंजिन जुळलं पाहिजे, मग गाडीत बसलं पाहिजे. गाडी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली आणि इंजिन मे महिन्यात ओतलेलं, असं निघालं तर विक्रेत्याने कितीही शपथा घेतल्या तरी ते इंजिन त्या गाडीचं जन्माचं नाही.

फसवणारेही अर्थातच हे सगळं जाणून असतात. ते योग्य तारखेचा ठोकळा शोधून आणतात, जुना नंबर खरवडून काढतात आणि गाडीला जुळेल असा नवा नंबर ठोकतात. इथे पारखी नजर लागते. कारखान्यात त्या सपाट जागेवर यंत्राच्या बारीक समांतर रेघा उमटलेल्या असतात. खरवडलं की त्या रेघा जातात. आकड्यांचा आकार, त्यांमधलं अंतर, ठोक्याची खोली, सगळं भिंगाखाली पाहिलं जातं. गाडीच्या नंबरचा काही भाग सांगाड्यावर सहज न दिसणाऱ्या ठिकाणीही ठोकलेला असतो. तो आणि काचेतून दिसणाऱ्या पट्टीवरचा नंबर जुळला नाही, तर प्रकरण छंदाचं राहत नाही, पोलिसांचं होतं. अमेरिकेत गाडीच्या नंबरशी छेडछाड हा केंद्रीय गुन्हा आहे.

पण सुरुवातीला म्हटलं तसं, नंबर न जुळण्यातही कधी कधी खरेपणा असतो. १९६७ ची खरी येन्को घ्या. तिचं कारखान्यातलं इंजिन डीलरने उतरवूनच ठेवलं होतं आणि नवं इंजिन सुट्या भागांच्या काउंटरवरून आलं होतं. मग त्या इंजिनाचा कारखान्यातल्या गाडीशी मेळ बसेलच कसा? अशा गाडीत सगळं अगदी तंतोतंत जुळलं, तर उलट संशय यायला हवा. बॉबकॅटची तर आणखी पंचाईत. तिच्यातले बदल म्हणजे पातळ गॅस्केट, कार्ब्युरेटरचे वेगळे जेट, इग्निशनच्या वेळेतली फेरफार. पहिल्याच मोठ्या दुरुस्तीत या खुणा पुसल्या गेल्या. वर हे सामान टपालानेही विकलं जाई, म्हणजे घरच्या गॅरेजमध्येही बॉबकॅट तयार होत होती. बाल्डविन-मोशनच्या गाड्या गिऱ्हाइकाच्या फर्माईशीप्रमाणे बनायच्या, त्यामुळे एकीवरून दुसरी ओळखता येत नाही.

आणखी एक गोष्ट. या गाड्या कुणी जपून ठेवण्यासाठी घेतल्या नव्हत्या. विशीतल्या पोरांनी हप्त्यावर घेतल्या, शर्यतीत पळवल्या, इंजिनं फोडली, झाडांवर आदळल्या. १९७० च्या सुमारास विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते इतके वाढवले की गाडीच्या हप्त्याबरोबर विम्याचा हप्ता भरणं जड झालं. १९७३ च्या तेलसंकटाने उरलीसुरली हौस संपवली. पुढच्याच वर्षी पर्यावरण यंत्रणेने बाल्डविन-मोशनच्या मागे ससेमिरा लावला. सात लिटरच्या गाड्या मग वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात मिळेल त्या भावाला गेल्या. लग्न ठरलं, गाडी विकली. पहिलं बाळ आलं, गाडी विकून स्टेशन वॅगन आणली. आज सत्तरी ओलांडलेले कित्येक आजोबा आपली तीच गाडी परत मिळावी म्हणून शोध घेत असतात, आणि शोधणाऱ्यांच्या मंडळींमध्ये अशा आजोबांना फार मान असतो. कारण गाडीच्या डॅशबोर्डला स्पीकरसाठी पाडलेलं भोक कुठे होतं, हे दुसरं कोण सांगणार?

या लोकांचं सगळंच मला पटतं असं नाही. काही संग्राहक मिळालेली माहिती दाबून ठेवतात, कारण हरवलेली गाडी आपणच आधी गाठावी आणि कागदांची किंमत न कळणाऱ्या म्हाताऱ्या मालकाकडून ती स्वस्तात काढावी, असा त्यांचा डाव असतो. याला शोध म्हणायचं की शिकार? दुसरा प्रकार म्हणजे चकचकीत करण्याचा हव्यास. गाडी पूर्ण सुटी करून, पत्रा उघडा करून, नवा रंग देऊन ती अशी उभी करतात की कारखान्यातूनही इतकी सुंदर कधी निघाली नसेल. पण त्या खटाटोपात कामगाराने खडूने केलेली खूण, घाईत उडालेला जास्तीचा रंग, जुन्या वेल्डिंगचे ठिपके, म्हणजे नेमके पुरावेच नाहीसे होतात. अलीकडे जाणकार मंडळी गंज आलेली, सीट फाटलेली, पण हात न लावलेली गाडी जास्त मोलाची मानतात. आजीच्या पैठणीला ड्रायक्लीनिंग करून नवी जर लावावी की तशीच मलमलीत गुंडाळून ठेवावी, या वादासारखाच हा वाद आहे आणि दोन्ही घरांत तो तितक्याच जोरात होतो.

तुमचे कुणी नातेवाईक अमेरिकेत असतील आणि त्यांना जुन्या गाडीची हौस असेल, तर एक व्यावहारिक गोष्ट त्यांच्या कानावर घाला. ‘ट्रिब्यूट’ किंवा ‘क्लोन’ म्हणून, म्हणजे नक्कल आहे असं स्पष्ट सांगून विकलेली गाडी घेण्यात काहीच गैर नाही. दिसते तशीच, पळते तशीच, किंमत कितीतरी कमी. तोटा होतो तो नक्कल तीन-चार मालकांच्या हातून फिरल्यावर ‘ट्रिब्यूट’ हा शब्द जाहिरातीतून हळूच गळून पडतो तेव्हा. पैसे देण्याआधी विक्रेत्याने दाखवलेल्या प्रमाणपत्रावर न थांबता, ते प्रमाणपत्र देणाऱ्याने गाडी स्वतः पाहिली होती का, हे विचारायचं. मूळ धातूची पट्टी आणि कागद यांच्याही हुबेहूब नकला बनतात, म्हणून कागदाने लोखंड तपासायचं आणि लोखंडाने कागद.

डॉन येन्को १९८७ मध्ये विमान अपघातात गेला. त्याच्या गाड्यांवर सुरुवातीला काम करणारा शर्यतपटू डिक हॅरेल त्याच्याही आधी, १९७१ मध्ये टोरोंटोजवळच्या शर्यतीत गेला. त्या कार्यशाळांमध्ये तेव्हा पाने घेऊन उभे असलेले मेकॅनिक आता ऐंशीच्या घरात आहेत. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये शिकागोजवळच्या रोझमाँटला मसल कारचं मोठं प्रदर्शन भरतं. झगमगाटात उभ्या असलेल्या गाड्यांच्या शेजारी कागदांची फाइल उघडी ठेवलेली असते आणि अनेकदा गर्दी गाडीपेक्षा त्या फाइलभोवती जास्त असते. कुणीतरी एखादा जुना, रंग उडालेला फोटो पुढे करतं, चष्मा लावलेले दोन-तीन आजोबा वाकून पाहतात, आणि मागच्या चाकावरच्या पत्र्याला पडलेला पोचा ओळखून त्यांच्यातला एक म्हणतो की थांबा, ही तर आमच्या गल्लीतली गाडी.